चौथ्या कोठीचं उत्तर

काळेवाडी, ११ जानेवारी १९५९

ज्योतीराम,

तुझं पत्र आलं तेव्हा अंबूबाई शेजारून गवार निवडायला आली होती. तिच्यासमोर मी ते फोडलं नाही. तिला वाटलं वाईट बातमी आहे, म्हणून उठेचना. शेवटी म्हणाली, "लेकाचं हाय ना? मग रडायचं तर रड, न्हाईतर वाचून दाव." मी दोन्ही केलं नाही. ती गेल्यावर वाचलं.

दोन वर्षांत हे तुझं पहिलं पत्र. त्यात माझी चौकशी एका ओळीत आणि तुमच्या मुंबईच्या गणनयंत्राची हकीकत तीन पानं. मला राग नाही. ज्याच्याबद्दल बोलता येतं त्याबद्दल माणूस बोलतो.

मी शाळेत गेले नाही, तुझीच पुस्तकं तुझ्यामागून वाचत आले, तेव्हा मला समजलं ते सांगते. चुकत असेल तर सांग. मोठं गणित यंत्राला एकदम देता येत नाही. त्याची पोटकामं पाडायची. एका पोटकामाच्या हातात काही ठेवायचं, त्यानं आपल्यापुरतं काम करून काहीतरी परत द्यायचं, आणि ते घेऊन दुसऱ्यानं पुढे जायचं. तुझं अडलं आहे ते असं, की एका पोटकामानं शून्य परत दिलं. खरंच शून्य आलं, की काम झालंच नाही म्हणून शून्य, ते कोणालाच कळेना. यंत्रानं विचारलं नाही. ते शून्य घेऊन मोजत राहिलं आणि शेवटी सगळं गणित चुकलं.

हे वाचल्यावर माझी भाकरी तव्यावर करपली.

गेल्या दिवाळीपासून मी झाडलोट सोडून कारखान्याच्या नदीकाठच्या विहिरीवर आहे. तू ती विहीर वरून पाहिलीस, आत उतरला नाहीस. तिच्या तळातून एक भुयार नदीकडे जातं. त्यातूनच कारखान्याला पाणी यायचं. वाकून चालावं लागतं इतकंच ते उंच आहे आणि वळणावळणाचं आहे. मध्ये चार ठिकाणी ते रुंद होतं, त्याला कोठी म्हणतात. गाळ काढताना प्रत्येक कोठीत एक माणूस बसतो. वळणांमुळे वरची हाक शेवटपर्यंत पोचत नाही, म्हणून पहिल्यानं ऐकून दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. उत्तरही तसंच हातोहात वर येतं. वरून हाक देण्याचं काम आता माझं. माझा आवाज लांब जातो, असं मुकादम सोपानराव म्हणाले. तुझे वडील असते तर म्हणाले असते, हे मला लग्नापासून माहीत आहे.

दोन वर्षांमागच्या त्या भाद्रपदात मावळात पाऊस झाला, इकडे आभाळ कोरडं होतं. पवनेचं पाणी अचानक भुयारात शिरलं. तुझे वडील चौथ्या कोठीत, नदीच्या सगळ्यांत जवळ. बाकीचे वर निघाले. पाणी उतरल्यावर सोपानरावांनी माणसं आत बसवून वरून विचारलं. आतून उत्तर आलं, "न्हाई." कारखान्याच्या साहेबांनी लिहिलं, भुयारात कोणी नाही.

ते ऐकून तू म्हणालास, खाली नाहीत म्हणजे वर आले, आणि वर येऊन घरी आले नाहीत म्हणजे गेले. कोणीतरी म्हणालं कासारवाडी स्टेशनात दिसले, तेही तू धरलंस. मी कुंकू पुसलं तेव्हा म्हणालास, "जित्या माणसाचं सुतक धरतेस." आणि निघून गेलास. तेव्हापासून गाव मला विधवा म्हणतं आणि तू मला टाकलेली समजतोस.

मला एवढंच विचारायचं आहे. ते "न्हाई" तुझ्या दोन शून्यांपैकी कुठलं होतं?

विचारायला दिवस थोडे आहेत. कारखान्यानं वरच्या अंगाला नवा नळ टाकला. जुन्या भुयारात शिमग्याआधी काँक्रीट ओतून ते कायमचं बुजवणार आहेत. तुझे वडील आत असतील तर त्यांच्यासकट.

आई

काळेवाडी, १ फेब्रुवारी १९५९

ज्योतीराम,

तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहिते. मी त्या दिवशीचं "न्हाई" शोधत एकेकाकडे गेले.

सोपानराव म्हणाले, त्यांनी तुझ्या वडिलांचं नाव घेऊनच विचारलं होतं. ते खोटं बोलणारे नाहीत. पहिल्या कोठीत आबाजी होता. त्याला विचारलं, तू पुढे नाव दिलंस का? तो म्हणाला, "भुयारात राहिल्याल्या मानसाचं नाव घ्याचं नसतं. नाव घेतलं की चिकटतं. मी म्हनलं, आतला मानूस हाय का." दुसऱ्या कोठीतला माणूस काम सोडून नगरकडे गेला, त्याचा पत्ता नाही.

तिसऱ्या कोठीत कोंडाजी होता. त्या दिवसानंतर तो भुयारात कधी उतरला नाही, निघोज्याला शेती करतो. मी एसटीनं चाकणला जाऊन तिथून चालत गेले. तो कांद्यात खुरपत होता. लांबूनच म्हणाला, "वैनी, येवढ्या लांब? कांदा न्यायला आलासा व्हय?" त्याच्या बायकोनं, विमलबाईनं, चहा केला. चहा होईपर्यंत तो कांद्याबद्दलच बोलत राहिला, आणि मी विचारलं तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं नाही.

त्याच्यापर्यंत आलं होतं ते फक्त "कोन हाय का". नाव गेलं, मग 'आतला' हा शब्द गेला. वरून एका माणसाबद्दल विचारलेलं खाली पोचेपर्यंत कोणाबद्दलच उरलं नव्हतं.

कोंडाजी म्हणाला, "कोन हाय म्हंजे कोन? चौथीच्या तोंडाला छातीयेवढा गाळ आल्याला. मी म्हनलं, न्हाई."

मी म्हणाले, "न्हाई म्हणजे माणूस नाही, की तू पाहिलं नाहीस?"

तो खुरप्याची माती काढत बसला. विमलबाई आत गेली. तिला माहीत असावं. मग तो बोलला ते जसंच्या तसं देते, कारण मधल्यांनी बदलल्यामुळेच हे सगळं झालं आहे.

"फुडं ग्येलोच न्हाई, वैनी. गाळाच्या पल्याडनं हाक आली. येकदाच. नाव न्हाई, काय न्हाई, नुसती 'ए'. हाकामारी हडळ येकदाच हाक मारती, तिला दुसरी मारता येत न्हाई. आईनं शिकिवलं हुतं, दुसऱ्या हाकंबिगर ओ द्याची न्हाई. मी दुसरीची वाट बघितली. लई बघितली. आली न्हाई. मंग मी वर न्हाई म्हनून धाडलं."

तुलाही मी लहानपणी तेच शिकवलं आहे. दारात कोणी एकदा हाक मारली तर तू माझ्या तोंडाकडे बघायचास, आणि मी बोटानं गप्प राहा म्हणायचे. नदीकाठच्या प्रत्येक घरात हेच शिकवतात. ज्याच्या अंगात एकाच हाकेपुरतं बळ उरलं आहे अशा माणसाचं काय, हे कोणाच्याही आईनं सांगितलेलं नाही.

मी कोंडाजीवर रागावले नाही. निघताना त्यानं कांद्याची पिशवी दिली ती घेतली. एसटीत ती मांडीवर ठेवून बसले आणि काळेवाडीचा फाटा मागे गेला ते मला कळलं नाही.

आई

काळेवाडी, १८ फेब्रुवारी १९५९

ज्योतीराम,

तुझं कार्ड मिळालं. तू लिहितोस, भ्यालेल्या माणसाला हाका ऐकू येतात, तो काही पुरावा नाही. बरोबर आहे. पण त्याच्याखाली तू तुमच्या शून्याचं काय केलंत तेही लिहिलंस, आणि माझ्यासाठी सोप्या शब्दांत लिहिलंस, हे माझ्या लक्षात आलं आहे.

तुम्ही आता प्रत्येक पोटकामाकडून दोन गोष्टी परत घेता. आधी एक खूण, की काम झालं की नाही. मग उत्तर. खूण नसेल तर उत्तराकडे बघायचंच नाही. हे मी पाटा धुताना, पाणी भरताना घोकत होते. मग साहेबांकडे गेले.

हे साहेब नवे, सांगलीकडचे, वयानं तुझ्याएवढेच असतील. म्हणाले, "बाई, भुयार रिकामं आहे असं आधीच्यांनी लिहून ठेवलं आहे." मी कोंडाजीचं सगळं सांगितलं. हाक सोडून. हाक सांगितली असती तर त्यांनी मला चहा देऊन घरी पाठवलं असतं. त्यांनी खिडकीतून विहिरीकडे पाहिलं. मग म्हणाले, की ओतण्याच्या कामावर त्यांची सही आहे, तेव्हा एकदा नीट विचारून घेऊ. "चौथ्या कोठीतून 'पाहिलं, नाही' असं आलं तरच ओतायचं. दुसरं काहीही आलं तर थांबायचं. झालं समाधान?" मी म्हणाले, समाधान नाही, पण चालेल.

आता विहिरीवर नवी रीत आहे. वरून जे शब्द जातील तेच खाली जायचे, आपल्या पदरचं घालायचं नाही, नाव असेल तर नावही गाळायचं नाही. उत्तरात आधी कोठी सांगायची, मग पाहिलं की पाहिलं नाही, मग आहे की नाही. पाहिलं नसेल तर तेवढंच सांगून थांबायचं, त्यात लाज नाही. आणि पहिल्या हाकेला ओ द्यायची. या शेवटच्या गोष्टीला सगळे कुरकुरले. आबाजी म्हणाला, "वैनी, रातच्याला कोन दारात आलं तर तुमी येनार का?"

बाकीचं मात्र त्यांना आवडलं. चहाच्या वेळी आबाजी गाळ काढणाऱ्या चिमाजीला म्हणतो, "चहा हाय का रं?" चिमाजी किटलीत डोकावून म्हणतो, "किटली. पाहिलं. न्हाई." आणि सोपानराव म्हणतात, हरामखोरांनो, गाळ काढा.

कोंडाजी यायला कबूल झाला. मी बोलवायला गेले नव्हते. तो आपणहून आला आणि म्हणाला, चौथीत मीच जातो.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. काल नव्या रीतीची तालीम संपली. माणसं वर आली, सोपानरावांनी मोजली, सगळी होती. भर दुपार, विहिरीत ऊन उतरलेलं, कठड्यावर पारवे. मी कंदील पुसत होते. खालून हाक आली. एकदाच. फार मोठी नाही, शेजारच्या खोलीतून कोणी मारावी तेवढी. मला भास झाला म्हणून सोडून दिलं असतं, पण सगळे एकदम बोलायचे थांबले. चिमाजीचा पेला तोंडाशी तसाच राहिला. मग आबाजीनं धोतर सावरलं आणि तो घराकडे चालू लागला, आणि त्याच्यामागून बाकीचे.

नवी रीत माझी. ओ द्यायला हवी होती मी. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

आई

काळेवाडी, ५ मार्च १९५९

ज्योतीराम,

तार मिळाली असेल. तारेत मावत नाही ते इथे लिहिते. क्रमानं लिहिते, म्हणजे तुला कोणा दुसऱ्याच्या तोंडून तुकड्यांनी ऐकावं लागणार नाही.

परवा सकाळी उन्हं चढल्यावर माणसं उतरली. पहिल्या कोठीत आबाजी, दुसऱ्या कोठीत बीडकडचा एक नवा माणूस, तिसऱ्या कोठीत चिमाजी. कोंडाजी तिसऱ्या कोठीतून पुढे चौथ्या कोठीच्या तोंडाशी जाणार, गाळावरून सरपटत आत बघणार आणि उत्तर देणार. साहेब माझ्याशेजारी उभे होते. मागे काँक्रीट कालवायचं यंत्र थांबवून ठेवलेलं.

सोपानराव म्हणाले, विचारा. नाव गाळायचं नाही ही रीत मीच घातलेली. लग्नात उखाण्यात घेतलं त्यानंतर मी तुझ्या वडिलांचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. विहिरीच्या कठड्याला धरून मी ते घेतलं. "आहे का?" असं विचारलं. आबाजीनं नावासकट पुढे दिलं. आवाज दूर दूर जात राहिला आणि मग ऐकू येईनासा झाला.

उत्तर लवकर आलं. फारच लवकर. आबाजीनं वर बघून ते दिलं, आणि देताना त्याच्याच कपाळाला आठ्या पडल्या.

"चौथी. पाहिलं न्हाई. हाय."

सोपानराव चिडले. "हे काय उत्तर झालं? पाहिलं न्हाई तर हाय कशावरनं? त्या कोंडाजीला रीत समजली न्हाई." साहेबही म्हणाले, चूक झाली, पुन्हा विचारा. मी पुन्हा विचारणार तोच आत गडबड ऐकू आली आणि थोड्या वेळानं कोंडाजी वर आला. छातीपर्यंत गाळानं माखलेला. तो बोलला तेव्हा साहेबांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"वैनी, मी अजून बोललोच नव्हतो. गाळात निम्म्यात हुतो. ओ माझ्या फुडनं आली आन अंगावरनं मागं ग्येली."

चिमाजी वर आला. तो शपथेवर सांगतो, आवाज पुढून आला, त्याला कोंडाजीच वाटला, त्यानं आला तसा मागे दिला. बीडकडच्या माणसाला तर यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं ऐकलं ते दिलं.

साहेब म्हणाले, कोंडाजीच बोलला असेल, मनावर ताण आला की माणसाला स्वतःचं बोलणं आठवत नाही. असेल. तूही तेच म्हणशील. मी त्यावर भांडणार नाही. मी फक्त त्या उत्तराचा विचार करते. कोंडाजीनं रचलं असतं तर "पाहिलं, हाय" असं रचलं असतं. न पाहता आहे असं कोण म्हणेल? अंधारात ज्याला काही दिसत नाही आणि जो स्वतःच तिथे आहे, तोच.

साहेबांनी शब्द पाळला, हे त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. "पाहिलं, नाही" आलेलं नव्हतं. त्यांनी यंत्र बंद करायला लावलं आणि गाळ काढायला माणसं घातली. काल दुपारी चौथी कोठी मोकळी झाली.

तुझे वडील तिथे आहेत, ज्योतीराम. कोठीच्या वरच्या अंगाला खडकाचा एक ओटा आहे, त्यावर, पाठ भिंतीला लावून. कमरेचा चांदीचा करगोटा तुझ्या आजीनं केलेला, त्याची कडी मी ओळखली. ते कुठेही गेले नव्हते. कासारवाडीच्या स्टेशनात जो दिसला तो दुसराच कोणी होता.

भिंतीवर पाण्याची रेघ उमटली आहे. ती ओट्याच्या खाली आहे. म्हणजे पाणी त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मग किती वेळ जगले, हे साहेबांना सांगता आलं असतं. ते सांगायला लागले तेव्हा मी हात वर केला. सगळी उत्तरं मागून घ्यायची नसतात.

ये. घाटावर अग्नी द्यायला तू लागशील. येणं जमणार नसेल तर तसं कळव, मी तुझ्या चुलत्याला सांगेन. तुला दोष देणार नाही.

आई

काळेवाडी, २४ मार्च १९५९

ज्योतीराम,

मुंबईला पोचलास हे कार्डावरून कळलं. तू इथे होतास तेवढ्या दिवसांत आपण फार बोललो नाही, आणि ते बरं झालं. अंबूबाई म्हणते, पोरगा वाळला. मी तिला सांगितलं, तो पहिल्यापासून तसाच आहे. तू जाताना कोंडाजीच्या पाया पडलास ते मी पाहिलं. तो नंतर बराच वेळ विहिरीवर बसून होता, सोपानरावांनी त्याला तंबाखू दिली तीही त्यानं हातातच धरून ठेवली.

तू विचारलंस, मी आता हे काम सोडणार का. सोडणार नाही. नव्या नळालाही विहीर आहे, तिथेही गाळ येईल, माणसं उतरतील.

काल भुयार बुजवलं. तुला ते कळायला हवं म्हणून लिहिते.

सकाळीच सगळी माणसं वर घेतली. सोपानरावांनी मोजली. तिसऱ्या कोठीपर्यंत साहेब स्वतः जाऊन आले, त्यांचे बूट गाळानं भरले होते. चौथ्या कोठीत कोंडाजी गेला होता, त्यानं ओट्यावर हळदकुंकू वाहिलं आणि तो शेवटी वर आला. यंत्र सुरू झालं. साहेबांनी मला कामावरच्या प्रत्येकाशी बोलतात तसंच सांगितलं, "बाई, एकदा विचारून घ्या."

मी वाकले. आत कोठ्यांमध्ये कोणी नव्हतं, तेव्हा हाक पुढे द्यायलाही कोणी नव्हतं. ती जाईल तितकी जाऊ दिली. नाव घेऊन विचारलं. आता ते जड जात नाही.

यंत्राचा आवाज होता म्हणून साहेबांनी ते थांबवलं. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. माणसं उभी राहिली. चिमाजीनं कानावरचं मुंडासं वर केलं. खाली पाणी ठिबकत होतं आणि भुयारातून थंड वारा येत होता, नेहमी येतो तेवढाच. मी थांबले. पुरेशी थांबले, ज्याला एकदाच हाक मारण्याचं बळ आहे त्यालाही वेळ मिळावा इतकी. दुसऱ्यांदा विचारलं आणि पुन्हा थांबले.

मग सरळ झाले आणि साहेबांना म्हणाले, "चौथी. विचारलं, ऐकलं. कोणी नाही. ओता."

आई